एकच पट्टी, दोन प्रथिनं: पीकेएम-२ च्या अँटिबॉडीचं प्रकरण

कुपीत १०० मायक्रोलिटर द्रव होता, म्हणजे चहाच्या चमच्याचा पन्नासावा हिस्सा. किंमत ४० हजारांच्या घरात. तीन कोटेशनं, पर्चेस कमिटीची सही, अकाउंट्सची एक शंका आणि कस्टम्स हे सगळं पार करून ती आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत सात आठवडे उलटले होते. लेबलवर छापलं होतं: सशातली पॉलिक्लोनल अँटिबॉडी, मानवी पीकेएम-२ साठी विशिष्ट, वेस्टर्न ब्लॉटला १:१००० पातळ करून वापरावी. अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू; वेस्टर्न ब्लॉटमध्ये जेलवर आकारानुसार वेगळी केलेली प्रथिनं मेंब्रेनवर उतरवतात आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडीने पट्टी म्हणून पाहतात. लेबलवरच्या ‘विशिष्ट’ या एका शब्दापायी आमचे साडेतीन महिने गेले, आणि त्यातला पहिला महिना आम्ही चक्क आनंदात होतो.

पीकेएम म्हणजे पायरुवेट कायनेज. ग्लुकोज फोडण्याच्या साखळीतलं (ग्लायकोलिसिसमधलं) हे शेवटचं विकर, म्हणजे एन्झाइम. फॉस्फोइनॉलपायरुवेटवरचा फॉस्फेट काढून ते एडीपीला देतं. एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन तयार होतं आणि मागे पायरुवेट उरतं. माणसात या कामासाठी दोन जनुकं आहेत. पीकेएलआर हे यकृत आणि तांबड्या पेशींचं. पंधराव्या गुणसूत्रावरचं पीकेएम बहुतेक बाकीच्या शरीराचं. या दुसऱ्या जनुकाचा नववा आणि दहावा एक्झॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेले जनुकाचे तुकडे, एकमेकांच्या जागी बसतात. आरएनए जोडताना नववा ठेवला तर पीकेएम-१ बनतं, दहावा ठेवला तर पीकेएम-२. प्रौढ स्नायूत आणि मेंदूत पहिल्याचा भरणा. गर्भातल्या ऊती, फुप्फुस, मूत्रपिंड आणि बहुतेक कर्करोग पेशींत दुसऱ्याचा.

दोन्ही प्रथिनं ५३१ अमिनो आम्लांची. बदलणारा तुकडा ५६ आम्लांचा, आणि त्यातही जेमतेम २२ ठिकाणी फरक. पण हा फरक किरकोळ नाही. ४३३ व्या जागी पीकेएम-२ मध्ये लायसिन आहे, पीकेएम-१ मध्ये ग्लुटामिक आम्ल. त्या लायसिनमुळे फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट हा त्याच साखळीतला आधीचा रेणू पीकेएम-२ ला धरू शकतो आणि त्याचा वेग वाढवू शकतो. पीकेएम-१ ला अशा ढकलणाऱ्याची गरजच नसते, ते कायम चालू. २००८ साली हेदर क्रिस्टॉफ्क, मॅथ्यू व्हँडर हायडेन, लुईस कँटली आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींतलं पीकेएम-२ काढून पीकेएम-१ घातलं, तेव्हा उंदरांत त्या पेशींच्या गाठी कमी वाढल्या. तेव्हापासून ‘तुमच्या पेशींत पीकेएम-२ किती?’ हा प्रश्न चयापचयावर काम करणाऱ्या प्रत्येकाला रिव्ह्यूअर विचारू लागले. आणि या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण अँटिबॉडीने देतात.

आमचं काम कर्करोगावरचं नव्हतं. आम्ही उंदराच्या सी-२-सी-१२ पेशी वाढवत होतो. या पेशींचं मूळ १९७७ साली यॅफे आणि सॅक्सेल यांनी उंदराच्या स्नायूतून वेगळ्या केलेल्या पेशींत आहे. वाढीच्या माध्यमातलं सीरम काढून २ टक्के घोड्याचं सीरम दिलं, की त्या वाढायच्या थांबतात, ओळीने लागतात आणि दोन-तीन दिवसांत एकमेकींत मिसळून लांब नळ्या होतात. स्नायू होताना पीकेएम-२ उतरतं आणि पीकेएम-१ चढतं, हे आधीपासून माहीत आहे. आमच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला ते फक्त पुन्हा दाखवायचं होतं, पहिल्या आकृतीतला पहिला चौकोन म्हणून. खरं काम त्यानंतरचं.

तिने शून्य, दोन, चार आणि सहाव्या दिवसाचे लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेले अर्क, लावले. पट्टी ५८ किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं माप), अगदी एकच, कडा सुद्धा स्वच्छ. चारही दिवस सारखी.

“मॅडम, उतरतच नाहीये.”

पोरगी हुशार आणि हाताने नेटकी. तिने आधी स्वतःवर संशय घेतला. लोडिंग कंट्रोल, म्हणजे प्रत्येक नमुना सारखाच भरलाय हे दाखवणारं प्रथिन, म्हणून तिने बीटा-अ‍ॅक्टिन वापरलंच नव्हतं, कारण स्नायू तयार होताना ते नेमकं घटतं. जीएपीडीएच तर स्वतःच ग्लायकोलिसिसचं एन्झाइम, चयापचयाच्या अभ्यासात त्यालाच मोजपट्टी मानणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. म्हणून ती मेंब्रेन पॉन्सो या रंगाने रंगवून एकूण प्रथिनं मोजायची. तीही सारखी होती. पेशी खरंच नळ्या होत होत्या का? होत होत्या, मायोसिन या स्नायूच्या प्रथिनाची पट्टी सहाव्या दिवशी ठळक. मेंब्रेनवर प्रथिनं उतरली नसतील? मग पॉन्सोत काय दिसत होतं? पार्सल उघडलं तेव्हा जेल पॅक कोमट झाले होते, म्हणून अँटिबॉडी खराब झाली असेल असंही कोणी सुचवलं. पण अँटिबॉडी तशी काटक असते, आणि खराब झाली असती तर पट्टी फिकी व्हायला हवी होती. आमची तर ढणढणीत होती.

तीनदा प्रयोग झाला, तीनदा तेच. मग आम्ही विश्वास ठेवला. स्नायू होऊनही पीकेएम-२ टिकून राहतं, ही नवी गोष्ट होती. माझ्या डोक्यात लगेच कारणंही तयार झाली: हे प्रथिन दीर्घायुषी असेल, आरएनए बदलला तरी जुना साठा पेशीत राहत असेल. एका परिषदेला पोस्टरचा सारांश गेला आणि स्वीकारला गेला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कारण चूक विद्यार्थिनीची नव्हती. मनासारखं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न न विचारण्याची सवय माझी.

गाडी रुळावर आणली ती एटीपेज (एटीपी फोडणारी एन्झाइमं) मोजणाऱ्या आमच्या प्रोजेक्ट असिस्टंटने, ग्रुप मीटिंगमध्ये, वडापाव खाता खाता. “आपल्या फ्रिजमध्ये पायरुवेट कायनेजची बाटली आहे की. ती लावून बघितली का?”

एटीपेजच्या मापनात दोन एन्झाइमं जोडीला घालतात. एडीपी झालं की पायरुवेट कायनेज त्याचं परत एटीपी करतं, त्यात पायरुवेट बनतं. ते लॅक्टेट डिहायड्रोजनेज लॅक्टेटमध्ये बदलतं आणि तेवढं एनएडीएच खर्ची पडतं; ३४० नॅनोमीटरला शोषण उतरत जाताना दिसतं. या कामासाठी विकत मिळणारं पायरुवेट कायनेज सहसा सशाच्या स्नायूतून काढलेलं असतं. सशाच्या स्नायूतून, म्हणजे पीकेएम-१. शुद्ध पीकेएम-१ ची बाटली दोन वर्षं चार अंशाच्या फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात उभी होती आणि आम्ही पीकेएम-२ च्या अँटिबॉडीची परीक्षा पाहायला कोणती पेशी मागवावी याचा विचार करत होतो.

त्याच दिवशी जेल लागलं, आणि बिघडलं. विद्यार्थिनीने एन्झाइम मापनाच्या नेहमीच्या बफरमध्येच पातळ केलं. पायरुवेट कायनेजला पोटॅशियम लागतं, म्हणून त्या बफरमध्ये पोटॅशियम क्लोराइड असतं. त्यावर एसडीएस असलेला सॅम्पल बफर घातल्याबरोबर ट्यूबमध्ये दही विरजल्यासारखा पांढरा गाळ. पोटॅशियम आणि डोडेसिल सल्फेट एकत्र आले की ते मीठ विरघळत नाही, खाली बसतं. दुसऱ्या दिवशी साध्या ट्रिस बफरमध्ये पातळ करून पुन्हा.

जेलवरची मांडणी तिचीच, आणि चांगली होती. एक घर, म्हणजे जेलमधला नमुना भरायचा कप्पा, ए-५४९ या मानवी फुप्फुसाच्या कर्करोग पेशींचं. त्यात पीकेएम-२ भरपूर. एक उंदराच्या मांडीच्या स्नायूचं, शेजारच्या प्रयोगशाळेत मंजूर प्रयोगातून उरलेलं. एक यकृताचं. मग शुद्ध सशाचं एन्झाइम ५०, २० आणि ५ नॅनोग्रॅम. असाच दुसरा मेंब्रेन तिने पहिली अँटिबॉडी न घालता फक्त दुसरीत बुडवला. कारण पहिलीला चिकटून पट्टी दाखवणारी आमची दुसरी अँटिबॉडी सशाच्या कुठल्याही अँटिबॉडीला धरणारी, आणि सॅम्पलही सशाचंच. तयारीत सशाची इम्युनोग्लोब्युलिनं राहिली असतील तर पहिलीशिवायही पट्टी आली असती आणि आम्ही भलत्यालाच दोष दिला असता.

फक्त दुसरीचा मेंब्रेन कोरा निघाला. पहिल्यावर मात्र ईसीएल हे पट्टी दाखवणारं द्रावण ओतून दहा सेकंदांत स्नायूचं घर काळंकुट्ट झालं. ए-५४९ पेक्षाही जास्त. ५० नॅनोग्रॅमचं शुद्ध पीकेएम-१ स्पष्ट, २० सुद्धा. ५ ला एक पुसट रेघ. खोलीत कोणी काही बोललं नाही. पोस्टरचं शीर्षक मलाच आठवत राहिलं.

आता दोन गोष्टी बघायच्या होत्या: पेशींत बदल खरोखर होतो आहे का, आणि अँटिबॉडी पीकेएम-१ ला किती धरते.

पहिल्या गोष्टीला अँटिबॉडीची गरजच नाही. आठव्या ते अकराव्या एक्झॉनपर्यंतचा तुकडा पीसीआरने वाढवायचा आणि पीएसटी-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमच्या कात्रीने कापायचा. तिची कापण्याची जागा दहाव्या एक्झॉनमध्ये आहे, नवव्यात नाही. त्यामुळे पीकेएम-२ चा तुकडा कापला जातो, पीकेएम-१ चा अख्खा राहतो. अ‍ॅगरोज जेलवर उत्तर एका दुपारी मिळतं आणि खर्च काही शे रुपये. शून्याव्या दिवशी जवळपास सगळं कापलेलं. सहाव्या दिवशी वर न कापलेली जाड पट्टी. पेशी पुस्तकाप्रमाणेच वागत होत्या; चुकत होता तो आमचा साक्षीदार.

दुसऱ्या गोष्टीसाठी विद्यार्थिनीने जीवाणूंत मानवी पीकेएम-२ तयार करून शुद्ध केलं आणि सशाच्या पीकेएम-१ शेजारी वेगवेगळ्या मात्रांत लावलं. १:१००० ला २० नॅनोग्रॅम पीकेएम-१ ची पट्टी साधारण ५ नॅनोग्रॅम पीकेएम-२ एवढी आली. म्हणजे ही अँटिबॉडी पीकेएम-२ ला जास्त धरते हे खरं, चौपट जास्त. कागदावर ते बरं वाटतं. पण सहाव्या दिवसाच्या नळीत पीकेएम-१ इतकं वाढलेलं असतं की त्याच्या चौथ्या हिश्श्यानेही पीकेएम-२ ची घट भरून निघते. एक उतरत होतं, दुसरं चढत होतं, दोन्ही ५८ किलोडाल्टनला एकाच जागी पडत होते आणि आम्हाला सपाट रेघ दिसत होती. ५३१ आणि ५३१. आकार वेगळा असता तर दोन पट्ट्या दिसल्या असत्या आणि हे प्रकरण पहिल्याच संध्याकाळी मिटलं असतं.

शेवटी एका मित्रांच्या प्रयोगशाळेकडून पीकेएम-१ आणि पीकेएम-२ च्या वेगवेगळ्या मोनोक्लोनल (एकाच साच्याच्या) अँटिबॉडी पाच-पाच मायक्रोलिटर उसन्या आणल्या. आधी फ्रिजमधल्या बाटलीवर तपासल्या, मगच पेशींवर. पीकेएम-२ ची पट्टी सहाव्या दिवशी बरीच उतरलेली, गेलेली नव्हे. पीकेएम-१ चढलेलं. पीसीआरशी जुळणारं.

मग मी डेटाशीट पुन्हा काढून वाचलं, या वेळी खवचटपणे. त्यात तीन पेशींचे लायसेट होते, तिन्ही मानवी कर्करोग पेशी, प्रत्येकात एकच सुबक पट्टी. पहिल्यांदा पाहताना मला ते खात्रीचं वाटलं होतं. पण त्या पेशींत पीकेएम-१ जवळपास नसतंच. तिथे कोणतीही पीकेएमची अँटिबॉडी लावा, दोघांना सारखं धरणारी लावा, चित्र हेच येणार. स्नायू किंवा मेंदूचं एक घर असतं तर प्रश्न सुटला असता, ते नव्हतं. दुसरा पुरावा पेप्टाइडचा: ज्या तुकड्याने सशाला टोचलं, तोच तुकडा अँटिबॉडीत आधी मिसळला की पट्टी नाहीशी होते. हा पुरावा दिसायला फार छान असतो. पण पीकेएम-१ ला धरणाऱ्या अँटिबॉडीही त्याच पेप्टाइडमुळे तयार झालेल्या. त्याही त्यालाच चिकटून गप्प बसणार. पॉलिक्लोनल म्हणजे एक अँटिबॉडी नव्हे, एका सशाच्या रक्तातला अख्खा जमाव. ५६ पैकी ३४ आम्लं दोन्हींत सारखी. पेप्टाइडच्या त्या सारख्या टोकाला धरणारे काही जण जमावात असणारच. आणि कंपनीने अँटिबॉडी शुद्ध केली तीही त्याच पेप्टाइडच्या स्तंभावर, म्हणजे हे लोक गाळले न जाता आत आले.

अँटिबॉडींबद्दलची तक्रार नवी नाही. २०१५ मध्ये ब्रॅडबरी आणि प्लूक्थुन यांनी शंभरावर शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की निकामी अँटिबॉडींपायी जगभर दरवर्षी ८० कोटी डॉलर वाया जातात. २०१६ मध्ये मथियास उलेन आणि इतरांनी तपासणीचे पाच मार्ग मांडले: जनुक बंद करून पाहणं, अँटिबॉडीशिवायच्या पद्धतीशी ताडून पाहणं, दुसऱ्या स्वतंत्र अँटिबॉडीशी जुळवणं, खूण लावलेलं प्रथिन वापरणं, आणि अँटिबॉडीने पकडलेलं मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणं. २०२३ मध्ये ६५ प्रथिनांच्या ६१४ विकाऊ अँटिबॉडी शेजारी शेजारी तपासल्याचा अहवाल आला, त्याचा कणा म्हणजे जनुक काढून टाकलेल्या पेशी. ‘नॉकआउटवर’, म्हणजे अशा पेशींवर, ‘तपासलेली’ हा शिक्का हल्ली हॉलमार्कसारखा चालतो.

माझं म्हणणं इथे थोडं वेगळं आहे. आमची अँटिबॉडी त्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाली असती. पीकेएम जनुक पूर्ण काढलेल्या पेशीत १ आणि २ दोन्ही जातात, पट्टी नाहीशी होते, शिक्का मिळतो. आयसोफॉर्मच्या, म्हणजे एकाच जनुकातून आलेल्या भावंड प्रथिनांच्या, अँटिबॉडीला अख्ख्या जनुकाचा नॉकआउट पुरत नाही. फक्त दहावा एक्झॉन गेलेला हवा, किंवा भावंडाचं शुद्ध प्रथिन शेजारी हवं. एकाच जनुकातून वेगवेगळी जोडणी होऊन येणारी चयापचयाची एन्झाइमं पीकेएमपुरती थोडीच आहेत? ग्लुटामिनेजची केजीए आणि जीएसी ही जोडीही अशीच, फक्त तिथे आकार वेगळे म्हणून ब्लॉटवर सुटका होते. पेशीतच अँटिबॉडी चमकवून पाहणाऱ्या इम्युनोफ्लुरोसन्समध्ये तर तीही नाही. तिथे किलोडाल्टन नसतातच, नुसता हिरवा उजेड असतो.

आणखी एक जोडून सांगण्यासारखं. कर्करोग होताना पेशी पीकेएम-१ सोडून पीकेएम-२ कडे वळते, असं बरीच वर्षं धरून चाललेलं होतं. २०११ मध्ये ब्लूमलाइन आणि सहकाऱ्यांनी मास स्पेक्ट्रोमेट्रीने दोन्ही आयसोफॉर्म मोजले, तेव्हा तपासलेल्या अनेक निरोगी ऊतींतही पीकेएम-२ च मुख्य निघालं. वळण्याचा पुरावा मिळाला नाही. तिथे दोष अँटिबॉडीचा होता असं मी म्हणत नाही. पण मोजणारं यंत्र बदललं की गोष्ट बदलते, हे पीकेएमच्या बाबतीत आमच्याआधीच घडून गेलं होतं आणि मी तो पेपर वाचलेला होता.

कंपनीला आम्ही सगळी चित्रं पाठवली. स्थानिक डिस्ट्रिब्युटरचा फोन आला. “मॅडम, टेक्निकल टीम म्हणतेय सी-२-सी-१२ टेस्टेड लिस्टमध्ये नाही. दुसरा लॉट रिप्लेस करून देऊ का?” पहिलं वाक्य नियमाला धरून होतं, आणि लिस्ट न वाचण्याचा दोष आमच्याकडेच. पण शुद्ध प्रथिनावरची पट्टी कोणत्याच पेशीची नव्हती, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दुसरा लॉट म्हणजे दुसरा ससा, दुसरा जमाव. त्याची तपासणी पुन्हा आमच्याच माथी. शेवटी क्रेडिट नोट मिळाली, त्यात आणखी दोन महिने. डेटाशीट मी शेवटचं पाहिलं तेव्हा जसंच्या तसं होतं.

पोस्टर आम्ही मागे घेतलं. संयोजकांना काय लिहायचं यावर अर्धा तास गेला; ‘तांत्रिक कारणास्तव’ असा मसुदा मी केला होता, विद्यार्थिनीने तो खोडून ‘वापरलेली अँटिबॉडी पीकेएम-१ लाही धरते असे आढळले’ असं लिहिलं. तेच गेलं.

कुपीत अजून ६० मायक्रोलिटर शिल्लक होते, आणि एवढ्या पैशांची वस्तू कोणी फेकत नाही. दोन्ही आयसोफॉर्म मिळून किती, हे ढोबळ बघायला ती चालते. विद्यार्थिनीने काळ्या मार्करने लेबलवरचा २ खोडला, त्याखाली ‘दोन्ही धरते, स्नायूत वापरू नये’ असं लिहिलं आणि कुपी उणे वीसच्या डब्यात ठेवली. सशाच्या एन्झाइमची बाटली मात्र आता दाराच्या कप्प्यात नसते. तिला आतल्या फळीवर स्वतःचा रॅक मिळालाय, आणि पीकेएमची कुठलीही नवी अँटिबॉडी आली की जेलचं पहिलं घर या बाटलीसाठी राखून ठेवतात.